गोधडी, चामडे आणि चाइल्ड सीट : मोटारीच्या मागच्या आसनाचा इतिहास

१/ गेल्या महिन्यात ताईच्या घरी नवी मोटार आली. आत बदामी रंगाची चामडी आसने. पहिल्या पंधरवड्यातच भाऊजींच्या लक्षात आले, की आठ महिन्यांच्या भाच्याची चाइल्ड सीट जेथे बसते तेथे गादीवर दोन खोल वळ उमटले आहेत. आजीने लगेच तोडगा काढला. आपली जुनी गोधडी चौघडी करून तिने सीटखाली घातली. चामडे वाचले. मी सीटला हात लावून पाहिला, तर ती पाण्यातल्या होडीसारखी डुलत होती.

२/ बाळापेक्षा गादी मोलाची, असे त्या घरात कोणालाही वाटत नव्हते. तरीही नकळत आम्ही तीच निवड करून बसलो होतो. हे कसे घडले, याचा शोध घेताना दोन इतिहास हाती लागले. एक मोटारीतल्या चामड्याचा, दुसरा मुलांच्या आसनाचा. दोन्ही उलट दिशांनी चालत आले आणि मागच्या आसनावर समोरासमोर ठाकले. आजचा धागा त्या दोघांविषयी.

३/ प्रथम चामडे. युरोपातील श्रीमंतांच्या बंद घोडागाडीत धनी आत बसत, लोकरी किंवा रेशमी कापडाच्या गादीवर. बाहेर उंचावर बसे तो गाडीवान. ऊन, पाऊस, चिखल सारे त्याच्या वाट्याला. म्हणून त्याच्या आसनाला चामडे. ते पुसता येई, ओले झाले तरी लगेच कुजत नसे. चामडे ही तेथे राबणाऱ्या माणसाच्या आसनाची वस्तू होती. तिला जपायचे नसे. तिने सोसायचे असे.

४/ सुरुवातीच्या मोटारी उघड्या होत्या, त्यामुळे त्यांत सर्वांनाच चामडे मिळाले. पुढे बंद मोटारी रूढ झाल्या आणि जुनी वर्गवारी परतली. अनेक आलिशान लिमोझिनमध्ये पुढे चालकाला चामडे आणि काचेच्या पडद्यामागे मालकाला मऊ लोकरी कापड. जपानच्या टोयोटा सेंच्युरी या मानाच्या मोटारीत आजही लोकरी आसने मिळतात. त्यामागे हाच विचार आहे : कापड आवाज करत नाही, थंडीत गार आणि उन्हात तापट होत नाही.

५/ याच काळात चामडे स्वतःही बदलत होते. शतकानुशतके ते झाडांच्या सालींनी कमावले जाई. आपल्या दख्खनेत बाभळीची साल आणि तरवड वापरत. अशा चामड्यावर पाण्याचे डाग पडतात, उष्णतेने ते आक्रसते. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. काही आठवड्यांचे काम थोड्या दिवसांवर आले आणि चामडे मऊ, लवचीक व उष्णता सोसणारे झाले. आज मोटारींत दिसणारे बरेचसे चामडे याच घराण्यातले.

६/ मग ते राजेशाही कसे झाले? स्वस्त पर्याय आले म्हणून. १९१० मध्ये ड्यू पाँ कंपनीने फॅब्रिकॉइड हा उद्योग विकत घेतला. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तेथे कृत्रिम चामडे बनत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर व्हिनाइल आले. साध्या मोटारींतली सोशिक आसने आता प्लास्टिकची झाली, आणि खरे चामडे मोजक्या महाग गाड्यांत उरले. गाडीवानाच्या बैठकीवरची वस्तू अशी धन्याच्या बैठकीवर चढली. जे जपण्याची गरज पडू नये म्हणून निवडले होते, तेच जपण्याची वस्तू बनले.

७/ जपण्याची वृत्ती मात्र त्याहून जुनी. अठराव्या शतकातील इंग्रज हवेल्यांत रेशमी खुर्च्यांवर एरवी साध्या सुती-तागी खोळी असत; त्या पाहुण्यांसाठीच उतरत. एकोणिसाव्या शतकात पुरुष केसांना मॅकॅसर तेल चोपडत, म्हणून खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या कापडाला ‘अँटिमॅकॅसर’ हे नावच पडले. आपल्याकडच्या सरकारी मोटारींत आसनांवर पसरलेले पांढरे टॉवेल त्याचेच दूरचे भाऊबंद. १९४८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फिंगरहट कंपनीचा पहिला व्यवसाय मोटारीच्या सीट कव्हरांचा होता. आणि नव्या गाडीवरचे प्लास्टिक महिनोन्‌महिने न काढणारे काका कोणाच्या नात्यात नाहीत?

८/ आता दुसरा इतिहास. मोटारीतल्या मुलांच्या आसनाचा जन्म सुरक्षेसाठी झाला नाही. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत बनी बेअर कंपनीने विकलेले आसन मुलाला उंच बसवण्यासाठी होते. त्याला बाहेरचे दिसावे आणि ते आईवडिलांच्या नजरेत राहावे, एवढाच हेतू. पुढच्या दशकात कॅनव्हासची झोळी लोखंडी सांगाड्यावर ताणून ती पुढच्या बाकाच्या पाठीला आकड्यांनी अडकवत. काहींना खेळण्यातले स्टिअरिंगही असे. ब्रेक जोरात लागला तर सांगाडा आणि मूल दोन्ही पुढे फेकले जात. पण अशा आसनाने गादीवर वळ उठत नसे. ते कशालाच घट्ट बांधलेले नव्हते.

९/ घट्ट बांधण्याची कल्पना आली ती पट्ट्यांबरोबर. १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा पट्टा मोटारींत आला. १९६२ मध्ये ब्रिटनच्या जीन एम्स आणि अमेरिकेतील डेन्व्हरचे लेनर्ड रिव्हकिन यांनी, एकमेकांपासून दूर राहून, मुलाला वाचवणे हाच हेतू असलेली आसने आखली. १९६४ मध्ये स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी मागे तोंड केलेल्या आसनाचा नमुना तयार केला. जेमिनी अंतराळयानातील अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलतात, हे पाहून त्यांना ते सुचले. बाळाचे डोके जड आणि मान नाजूक. धक्का पाठभर पसरला तर मान वाचते.

१०/ १९६८ च्या सुमारास फोर्डने ‘टॉट-गार्ड’ आणि जनरल मोटर्सने ‘लव्ह सीट’ बाजारात आणले. १९७१ मध्ये अमेरिकेत मुलांच्या आसनांसाठी पहिले सरकारी मानक लागू झाले. त्यात आसन मोटारीच्या पट्ट्याने बांधण्याची अट होती, पण प्रत्यक्ष धडकेची चाचणी नव्हती. ती आली १९८१ मध्ये, ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाची. एका दशकात प्रश्न बदलला. ‘आसनाला पट्टा आहे का?’ याऐवजी ‘धडकेत आसन जागेवर राहते का?’ असे विचारले जाऊ लागले.

११/ मुलांना अशा आसनात बसवणे सक्तीचे करणारे पहिले अमेरिकी राज्य टेनेसी. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांनी त्यासाठी विधिमंडळाचे उंबरठे झिजवले. १ जानेवारी १९७८ पासून कायदा लागू झाला, पण त्यात एक पळवाट होती : मोठ्या माणसाने बाळ मांडीवर घेतले तरी चालेल. सँडर्स त्याविरुद्ध झगडत राहिले आणि १९८१ मध्ये ती सवलत गेली. त्यांचा आग्रह का होता, हे साध्या गणिताने कळते. धडकेत वेग गुरुत्वाच्या वीस पट जोराने घटला, असे धरू. दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोच्या जोराने हातातून निसटू पाहते. प्रेम कितीही घट्ट असो, हात तेवढे घट्ट नसतात.

१२/ १९९९ मध्ये आयसोफिक्स हे आंतरराष्ट्रीय मानक आले. मोटारीच्या सांगाड्याला जोडलेल्या लोखंडी कड्यांत आसनाचे आकडे थेट अडकवायचे. २००२ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना अशा कड्या सक्तीच्या झाल्या. पट्टा असो वा कडी, मर्म एकच : आसन गादीत दाबून बसवायचे. पट्ट्याच्या मार्गापाशी धरून हलवले, तर ते एक इंचाहून, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून, अधिक सरकता कामा नये. येथे दोन्ही इतिहास भेटतात. गादीवरचा वळ हा बहुतेक वेळा आसन नीट बसल्याचा शिक्का असतो.

१३/ त्या वळात नेमके काय होते? चामड्याखालचा फोम दबतो आणि चामड्याचे तंतू त्या आकारात ताणले जातात. आसन काढल्यावर काही दिवसांत बराचसा खळगा भरून येतो, पूर्ण येईलच असे नाही. ओरखडे ही वेगळी गोष्ट. मोटारीतल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि पारदर्शक लेपाचा थर असतो, मिलिमीटरच्या काही शतांशाएवढा. प्लास्टिकच्या कडेखाली वाळूचे कण अडकले, की गाडीच्या प्रत्येक हादऱ्याला ते पॉलिश पेपरसारखे त्या थरावर घासतात. म्हणजे खरा शत्रू चाइल्ड सीटपेक्षा तिच्याखालची माती.

१४/ मग खाली जाड काही घातले तर बिघडते काय? गोधडी, उशी, फोमची जाड मॅट यांवरून पट्टा आवळला, की हाताला तो घट्ट लागतो. पण तो घट्टपणा उसना असतो. धडकेच्या क्षणी गोधडीतली हवा दबते, तिची जाडी नाहीशी होते आणि तेवढा पट्टा सैल पडतो. आसन पुढे झेपावते, त्याबरोबर बाळाचे डोके. शिवाय मानकाच्या चाचणीत आसन ठरावीक बाकावर बसवून पाहतात. बाजारातून आणलेली मॅट तिथे खाली नसते. त्या मॅटसह ते आसन कसे वागेल, याची ग्वाही ती चाचणी देत नाही.

१५/ मग चामडे राखावे कसे? पहिला नियम : चाइल्ड सीट आणि मोटार या दोन्हींच्या पुस्तिका वाचाव्यात. काही उत्पादक खाली काहीही घालू नका म्हणतात. काही एक पातळ कापड चालवून घेतात, काही स्वतः तपासलेली मॅट देतात. परवानगी असेल तेवढेच, तेही एकेरी. काहीही घातले तरी एक इंचाची परीक्षा पुन्हा घ्यावी. फिक्या आसनावर गडद रंगाचे कापड किंवा रबर नको, उन्हात त्याचा रंग उतरतो. पुढच्या आसनाच्या पाठीला बुटांच्या ठोशांपासून वाचवणारे आवरण मात्र खुशाल लावावे. बाळाच्या आसनाच्या पकडीशी त्याचा संबंध येत नाही.

१६/ दुसरा नियम माती काढण्याचा. आसन बसवण्यापूर्वी गादी आणि तिच्या फटी व्हॅक्यूमने साफ कराव्यात, प्लास्टिकचा तळही पुसावा. तीन-चार आठवड्यांनी आसन उचलून बिस्किटांचा चुरा आणि सांडलेले दूध काढावे. दुधाचा डाग सुकण्याआधी ओलसर मऊ कापडाने, फार तर सौम्य साबणाच्या पाण्याने टिपावा. नंतर कोरडे पुसावे. स्पिरिट किंवा घरगुती जंतुनाशक वापरू नये, त्याने वरचा लेप उतरतो. आणि आपली गादी खरोखर चामड्याची आहे का, तेही पाहावे. अनेक गाड्यांतले ‘लेदर’ म्हणजे लेदरेट, फॅब्रिकॉइडचेच पणतू.

१७/ भारतातही आता ही बाब केवळ सल्ल्याची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न करता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड. तरीही रस्त्यावर पाहिले, तर टेनेसीने १९८१ मध्ये बुजवलेली पळवाट आपण रोज वापरतो : बाळ आईच्या मांडीवर, तेही पुढच्या आसनावर.

१८/ आमच्या घरी पुढे काय झाले? भाऊजींनी पुस्तिका काढली. ‘आसनाखाली काहीही ठेवू नये’ असे तीत स्पष्ट लिहिले होते. गोधडी निघाली, आसन गादीत दाबून बसले, एक इंचाच्या परीक्षेला उतरले. भाऊजी थोडा वेळ बदामी चामड्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, “राहू दे वळ. पोरगा मोठा झाल्यावर दाखवू त्याला.” आजी रुसली होती. तिची गोधडी आता बाळाचे पट्टे आवळून झाल्यावर वरून त्याच्या पायांवर घालतो. तिची जागा तीच होती.

१९/ पाऊस झेलण्यासाठी निवडलेल्या चामड्याला आपण एका बाळाचे वजनही सोसू देऊ नये, हा इतिहासाने केलेला विनोद आहे. त्या चामड्याला त्याचे जुने काम परत देऊ या. वाचकहो, आज गाडीपाशी गेलात, तर लेकराची सीट एकदा धरून हलवून पाहा. एक इंच. धागा समाप्त.