चुन्याच्या डबीतला धातू

अहेरीच्या कुठल्याही पानटपरीवर खर्रा घोटताना चुना लागतोच. तो अल्कधर्मी असतो, म्हणून तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतून लवकर रक्तात जातं. आता त्या पांढऱ्या लगद्यात धातू आहे म्हटलं तर टपरीवाला हसेल. हसू द्या. १८०८पर्यंत युरोपातल्या रसायनतज्ज्ञांनाही तो दिसला नव्हता.

दुसऱ्या गणाला आपण ‘अल्कधर्मी मृदा धातू’ म्हणतो. त्यातली ‘मृदा’ जुनी आहे. कितीही भाजलं तरी बदलत नाही, पाण्यात फारसं विरघळत नाही, अशा पदार्थाला तेव्हा ‘माती’ म्हणत. चुना, मॅग्नेशिया, बॅराइटा या सगळ्या मात्याच! लाव्हाझिएने १७८९च्या यादीत चुना चक्क मूलद्रव्यांत बसवला. पण या मात्या म्हणजे धातूंचे ऑक्साइड असावेत, हा संशयही त्याचाच.

मग धातू निघेना का? आपल्या चांद्याकडे पूर्वी मातीच्या भट्ट्यांत लोखंड काढत. लोहखनिजातला ऑक्सिजन कोळसा ओढून घेतो. कॅल्शियमचं तसं नाही. तो बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन सहज देऊन ऑक्सिजनला असा धरून बसतो, की त्या भट्टीतला कोळसा त्याच्यापुढे हरतो.

लंडनच्या हम्फ्री डेव्हीने आगीऐवजी वीज वापरली. नुसत्या विजेने जमेना. तेवढ्यात स्टॉकहोमहून बर्झेलियसने पाऱ्याची युक्ती कळवली. ओलसर चुना आणि पाऱ्याचा ऑक्साइड यांतून वीज सोडली, धातू पाऱ्यात उतरला, मग तापवून पारा उडवला. हाती आला चंदेरी कॅल्शियम, अगदी थोडा. त्याच वर्षी मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, बेरियमही मिळाले.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक. १७५०च्या दशकात त्याने हातात तराजू घेऊन दाखवलं, की चुनखडी भाजली की हलकी होते, कारण तिच्यातून वायू जातो. आजच्या हिशोबाने १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सिरोंचाजवळच्या कोटा गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चुनखडीत ज्युरासिक काळातले मासे सापडतात. म्हणजे त्या दगडात अडकलेला कार्बनही तेवढाच जुना.

गडचांदूर, आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांना हाच हिशोब लागू. कोळसा बंद करून दुसरं इंधन आणलं, तरी दगडातले हे ४४ किलो सुटणारच. आता आपल्या तालुक्यातल्या देवलमरी-काटेपल्लीच्या चुनखडीचाही लिलाव झालाय. तिथली चर्चा जमीन, जंगल आणि रोजगाराची असते, ती असायलाच हवी. ब्लॅकचा तराजू मात्र अजून त्या चर्चेत कोणी आणलेला मी ऐकला नाही.