शिपायाची सवलत आणि त्याचे सोयरे

इ. स. १६७० नंतरच्या दशकांत चिपळूणनजीक छावणी करून राहिलेल्या आपल्या लष्करास शिवछत्रपतींनीं लिहिलेलें पत्र इतिहासाच्या वाचकांस सुपरिचित आहे. दाणावैरण, लांकूडफांटा, भाजीपाला, जें काय हवें असेल तें शिपायानें बाजारांत जाऊन रास्त मोल देऊन घ्यावें, कुणब्याच्या घरांत हात घालूं नये, असा त्यांतील आज्ञेचा आशय आहे. रयतेचा कैवार या दृष्टीनें या पत्राची थोरवी पुष्कळांनीं गाइली आहे. परंतु त्यांत आणखी एक गोष्ट गृहीत आहे, ती अशी कीं, शिपाई हाहि एक गिऱ्हाईक आहे, आणि त्याच्या खरेदीची सोय लावणें हें राज्यकर्त्याचें काम आहे. पुढें हीच सोय सवलत झाली, सवलतीचा माल शिपायाच्या घरीं गेला, आणि घरांतून तो सोयऱ्याधायऱ्यांच्या घरीं गेला. हा प्रवास कसा घडला आणि त्यांत न्याय कोठें संपतो, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या मराठी फौजेंत बाजार हा छावणीचाच एक अवयव होता. दौलतराव शिंद्यांच्या लष्करासमवेत १८०९ मध्यें फिरलेला इंग्रज अधिकारी टॉमस ब्राउटन यानें त्या छावणीचें वर्णन लिहून १८१३ मध्यें प्रसिद्ध केलें. मुक्काम ठरला म्हणजे बिनीवाला प्रथम महाराजांच्या डेऱ्यांची जागा दाखविणारें पांढरें निशाण रोवी, आणि मग निरनिराळ्या बाजारांचीं निशाणें एका सरळ रेषेंत लागत, असें तो सांगतो. अशा बाजारांत जो जिन्नस शिपाई घेई तोच त्याची बायको, भाऊ किंवा मेहुणाहि घेई. कारण गोतावळा पुष्कळदां बरोबरच असे. १७६१ सालीं पानिपतावर लढणारांपेक्षां न लढणारांचीच गर्दी अधिक होती, आणि तिचे परिणाम महाराष्ट्रानें भोगले. युद्धाच्या दृष्टीनें ही मोठीच उणीव. पण शिपाई आणि त्याचे सोयरे यांच्यामध्यें भिंत नसल्यामुळें ‘हा माल कोणासाठीं’ असा प्रश्न तेथें उद्भवत नसे.

ही भिंत कवायती पलटणींनीं घातली. छावणी शहराबाहेर गेली, तिला स्वतंत्र सदर बाजार आणि स्वतंत्र कायदा मिळाला. शिपाई बराकींत आणि त्याचें कुटुंब बहुधा गांवीं, अशी विभागणी झाली. गोऱ्या पलटणींना मद्य व किराणा पुरविण्याचा मक्ता ठेकेदारांकडे असे, आणि ठेकेदाराचा नफा अखेर शिपायाच्या तुटपुंज्या पगारांतूनच निघे. विलायतेंतील कांहीं लष्करी अधिकाऱ्यांनीं १८९४ मध्यें सहकारी तत्त्वावर एक संस्था काढून यावर उपाय योजिला. तरीहि १९१४ मध्यें कँटीनच्या मक्त्यासाठीं लांच दिल्याघेतल्याचा मोठा खटला लंडनमध्यें गाजलाच. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्यें, ब्रिटिश फौजेनें ‘नॅफी’ नांवाची एकच संस्था उभारून ठेकेदारांस रजा दिली.

हिंदुस्थानांत हा मार्ग इतका सरळ नव्हता. १९२२ मध्यें नॅफीच्या धर्तीवर आर्मी कँटीन बोर्ड स्थापन झालें. तें चाललें नाहीं, आणि १९२७ मध्यें काम पुन्हां ठेकेदारांच्या मंडळाकडे आलें. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्य २५ लाखांवर जाऊन पोंचलें. बाहेर महागाई आणि टंचाई वाढत होती, मुंबईस १९४३ मध्यें धान्याचें रेशनिंग सुरू झालें. अशा काळांत शिपायाचा साबण आणि चहा ठेकेदाराच्या मर्जीवर सोडणें सरकारास परवडण्यासारखें नव्हतें. १९४२ मध्येंच कँटीन सर्व्हिसेस ही सरकारी यंत्रणा उभी राहिली होती. स्वातंत्र्यानंतर १ जानेवारी १९४८ रोजीं तिच्या जागीं कँटीन स्टोअर्स डिपार्टमेंट आलें, प्रथम तीन वर्षांच्या परीक्षेपुरतें, आणि १९५० मध्यें तें कायम झालें. त्याची मुख्य कचेरी मुंबईंतच आहे. खातें कारखानदारांकडून घाऊक माल घेतें, आपल्या कोठारांत साठवितें, आणि पलटणींनीं चालविलेल्या कँटीनांमार्फत जवान, अधिकारी, निवृत्त सैनिक व त्यांच्या विधवा यांस बाजारभावाहून कमी दरानें देतें. २०१७ पासून मालावरील वस्तुसेवाकरांतहि निम्मी सूट आहे. हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कारण घाऊक खरेदीनें जी स्वस्ताई येते ती खात्याची कमाई, पण करांत जी सूट मिळते ती सर्व करदात्यांनीं दिलेली देणगी होय.

आतां सोयऱ्यांचा प्रश्न. तो आपल्याच देशांत उद्भवला असें नव्हे. अमेरिकेंत १८२५ मध्यें ठराविक ठाण्यांवरील अधिकाऱ्यांस सरकारी कोठारांतून मूळ किंमतींत, केवळ स्वतःच्या उपयोगासाठीं, जिन्नस घेण्याची मुभा मिळाली. १८४१ पर्यंत ती त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांसाठींहि लागू झाली, आणि १८६७ मध्यें साध्या शिपायांसहि हा अधिकार मिळाला. म्हणजे सवलत जन्मली तेव्हां ती एकट्या माणसाची होती; सोळा वर्षांच्या आंत तिनें घराचा उंबरठा ओलांडला. परंतु ‘निकटचें’ या शब्दानें कुटुंबाभोंवतीं एक कुंपण घातलें, आणि तेव्हांपासून सारा वाद त्या कुंपणावर चालला आहे.

कुंपण मोडलें म्हणजे काय होतें हें कोरियांत दिसून आलें. १९५० ते १९५३ च्या युद्धानंतर त्या उद्ध्वस्त देशांत अमेरिकन फौजेचीं दुकानें म्हणजे अलिबाबाची गुहाच होती. अमेरिकन शिपायांशीं लग्नें केलेल्या कोरियन स्त्रिया त्या दुकानांतून कॉफी, डबाबंद मांस, औषधें घेऊन माहेरीं पोंचवीत. त्यांतला कांहीं माल भुकेल्या भावंडांच्या पोटांत जाई, तर कांहीं सेऊलच्या बाजारांत दामदुपटीनें विकला जाई. फौजेनें महिन्याच्या खरेदीस मर्यादा घालणारीं कार्डें काढलीं. तथापि पोटासाठीं नेलेला डबा आणि नफ्यासाठीं नेलेला डबा यांतील फरक कोणत्याहि कार्डास ओळखतां येत नाहीं. छावण्यांतून बाहेर पडलेल्या त्या मांसापासून बनलेली एक आमटी आज कोरियांत आवडीनें खाल्ली जाते, आणि तिच्या नांवांतच ‘छावणी’ हा शब्द आहे.

आपल्याकडील चित्र याहून सौम्य आहे, पण त्याच जातीचें आहे. साताऱ्याजवळचें अपशिंगे, ज्यास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, तसल्या फौजी परंपरेच्या गांवांतूनच नव्हे, तर शहरांतील पांढरपेशा कुटुंबांतूनहि कँटीनचा माल हा नात्याचा एक व्यवहार होऊन बसला आहे. जवान रजेवर येणार अशी वार्ता आली कीं याद्या निघतात. भाचीच्या लग्नाचा कुकर, आत्याचा मिक्सर, चुलतभावास शीतकपाट, साऱ्या आळीस साबण, आणि शेजारच्या भाऊसाहेबांस रमची एक बाटली! नियम सांगतो कीं, माल स्वतःच्या व अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या उपयोगासाठीं आहे, त्याची विक्री करतां कामा नये. कार्डें आहेत, महिन्याच्या मर्यादा आहेत; मोटारींच्या खरेदीवर २०१९ मध्यें नवीं बंधनें आलीं. पण नियमांतलें कुटुंब आणि आपलें कुटुंब यांचें माप एक नाहीं. ज्या चुलत्यानें शाळेची फी भरली, तो शिपायाच्या कार्डावर कोठेंच नसतो.

येथें तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली देणगी: शिपायानें आपल्या पैशानें, आपल्या मर्यादेंत वस्तु घेऊन बहिणीस आहेर करणें. दुसरी हमाली: सोयऱ्यानें पैसे देऊन त्याच्या कार्डावर आपली खरेदी करविणें. तिसरी उघड विक्री. तिसरीस कोणीच चांगलें म्हणत नाहीं, आणि पहिलीस सहसा कोणी वाईट म्हणत नाहीं. खरा पेंच दुसरीचा आहे. ती प्रेमाच्या नांवाखालीं चालते, आणि तींत राज्यानें शिपायास दिलेली करमाफी ज्यानें कधीं बंदूक खांद्यावर घेतली नाहीं अशाच्या घरीं जाते. गांवचा वाणी पुरा कर भरून दुकान चालवितो. त्याचें गिऱ्हाईक तुटतें तें या मार्गानें. अमेरिकेंतील व्यापाऱ्यांनींहि हीच तक्रार केली होती, आणि १९४९ मध्यें तेथील लष्करी दुकानांत काय विकावें यावर बंधनें आलीं.

यावर असें उत्तर दिलें जातें कीं, शिपायाच्या सेवेंत त्याच्या गोताचाहि त्याग आहे; त्याच्या मागें म्हातारीचें औषधपाणी भावजय पाहते, शेत भाऊ नांगरतो, मग त्यांनीं दोन वस्तु स्वस्तांत घेतल्या तर बिघडलें कोठें? हें उत्तर आम्ही पोकळ समजत नाहीं. कवायती फौजेनें शिपायास गोतापासून तोडलें, आणि कँटीनची पिशवी हा तें तुटलेलें नातें सांधण्याचा एक मार्ग झाला, हें खरेंच आहे. परंतु त्या ऋणाची फेड शिपायानें आपल्या खुषीनें करावयाची आहे. सोयऱ्यांनीं ती यादी करून वसूल करावयाची नाहीं. शिवाय मागणाऱ्यास दिसत नाहीं अशी एक गोष्ट आहे. महिन्याची मर्यादा परक्या यादींत संपली म्हणजे शिपायाच्या स्वतःच्या घरीं तेल बाजारभावानें येतें. आणि पैसे ‘मागाहून देतों’ म्हणणारा मेहुणा मागाहून क्वचितच देतो. रजेचे दिवस मोजके, त्यांतले दोन रांगेंत उभें राहण्यांत जातात. नाहीं म्हणावें तर ‘मोठा साहेब झाला’ हा टोमणा आहेच.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, या बाबतींत कायद्यापेक्षां घराच्या रीतीकडून अधिक अपेक्षा करावी. शिपायानें दिलें तर तें दोन्ही हातांनीं घ्यावें. मागूं मात्र नये. चिपळूणच्या छावणीस जी आज्ञा गेली तिचें मर्म हेंच होतें कीं, शिपायाच्या गरजेचा भार रयतेवर पडूं नये. आज आपण रयत आहों. आपल्या हौसेचा भार शिपायावर पडूं नये, इतकें तरी आपण पाळावें.