स्पॅनिशमधील स्वामित्वदर्शक सर्वनामे

मालकी किंवा नाते सांगणाऱ्या स्पॅनिश सर्वनामांची दोन घराणी आहेत. आखूड रूपे नामाआधी येतात : मी (माझा), तू (तुझा), सू (त्याचा, तिचा इ.), नुएस्त्रो (आमचा, आपला), बुएस्त्रो (तुमचा). लांब रूपे नामानंतर किंवा नामावाचून येतात : मीओ, तूयो, सूयो. नुएस्त्रो आणि बुएस्त्रो दोन्हीकडे तीच राहतात. मराठी कान पहिल्या दोहोंत हमखास फसतो. ‘मी कासा’ म्हणजे माझे घर, ‘तू लिब्रो’ म्हणजे तुझे पुस्तक.

रूप ठरते ते मालकावरून नव्हे, वस्तूच्या लिंग-वचनावरून. दोघी बहिणी भावाविषयी बोलतानाही ‘नुएस्त्रो एर्मानो’ असे पुल्लिंगीच म्हणतात. माझा-माझी-माझे घोकावे न लागलेल्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. मी, तू आणि सू मात्र लिंगानुसार बदलत नाहीत, फक्त अनेकवचनात मीस, तूस, सूस होतात.

खरी मेख ‘सू’मध्ये आहे. ‘सू कासा’ हे त्याचे घर, तिचे, त्यांचे, आदरार्थी आपले किंवा तुम्हा सर्वांचेही असू शकते. लॅटिनमध्ये ‘सुउस’ कर्त्याकडेच वळे आणि इतरांसाठी ‘एइउस’ असे. मराठीतील ‘आपला’ आणि ‘त्याचा’ यांच्यातला भेद साधारण असाच. स्पॅनिशने तो गमावला. त्यामुळे ‘हुआनने पेद्रोला सू गाडीतून नेले’ या धर्तीच्या वाक्यात गाडी कोणाची, हे संदर्भच ठरवतो. घोळ टाळायचा तर ‘दे एल’ (त्याचा), ‘दे एया’ (तिचा) अशी जोड देतात. लॅटिन अमेरिकेत ‘बुएस्त्रो’ रोजच्या बोलण्यातून गेलेले असल्याने ‘सू’वरचा भार आणखी वाढतो आणि ‘दे उस्तेदेस’ (तुमचा) सर्रास ऐकू येते.

लांब रूपांना उपपद लागले की अर्थ सरकतो. छत्रीकडे बोट दाखवून ‘एस मीओ’ म्हटले तर ती माझ्या मालकीची एवढेच कळते. ‘एस एल मीओ’ म्हटले तर अनेक छत्र्यांतली नेमकी माझी हीच. (छत्री, ‘पाराग्वास’, स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी.) नपुंसक ‘लो मीओ’ म्हणजे माझा प्रांत, माझे आवडते काम. ‘सालिर्से कोन ला सूया’ म्हणजे आपलेच खरे करणे. इथे स्त्रीलिंगी ‘सूया’ आहे, पण तिचे नाम वाक्यात कुठेच नाही.

शरीराच्या अवयवांपुढे स्पॅनिश माणूस सहसा मालकी लावत नाही. ‘मे दुएले ला काबेसा’, शब्दशः ‘मला डोके दुखते’. डोके कोणाचे, हे ‘मे’ने सांगून झालेले असते.

जुन्या स्पॅनिशमध्ये उपपद आणि सर्वनाम एकत्र नांदत : ‘ला मी कासा’. अस्तुरियाससारख्या उत्तर स्पेनच्या भागांत ही ठेवण अजून ऐकू येते. ग्वातेमालात ‘ऊना मी आमीगा’ (माझी एक मैत्रीण) म्हणतात. इतरत्र ‘ऊना आमीगा मीआ’.

आजचा वाद ‘देलान्ते मीओ’चा (माझ्यापुढे). १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश भाषेची राजअकादमी त्याऐवजी ‘देलान्ते दे मी’ सुचवते. कारण ‘देलान्ते’ हे क्रियाविशेषण आहे आणि स्वामित्वदर्शक रूप नामालाच शोभते. ‘आल लादो मीओ’ (माझ्या बाजूला) चालते, कारण ‘लादो’ हे नाम. ‘आ मी लादो’ असेही म्हणता येते. ‘मी देलान्ते’ मात्र प्रमाण स्पॅनिशमध्ये म्हणत नाहीत. तरीही बोलताना ‘देलान्ते मीओ’ सर्रास कानावर पडते.