नस तपासण्याची किंमत

कोपराच्या मागे, आतल्या बाजूच्या हाडालगतच्या खोबणीतून एक नस जाते. सरावलेल्या बोटांना ती दोरीसारखी जाड लागली आणि अंगावरच्या फिकट चट्ट्यावर कापूस फिरवूनही डोळे मिटलेल्या माणसाला काहीच कळलं नाही, तर कुष्ठरोगाचं निदान जवळजवळ झालेलंच असतं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. मज्जातंतूंची याहून स्वस्त तपासणी क्वचितच सापडेल. तरीही ती करून घेणाऱ्याने पिढ्यानपिढ्या जे मोजलं, ते कुठल्याही इस्पितळाच्या पावतीत मावणारं नव्हतं. तपासणीचा दर वेगळा आणि तपासणीची किंमत वेगळी. हा फरक वर्धा जिल्ह्यात फार लवकर ओळखला गेला आणि तिथल्या कुष्ठकार्याचं खरं मोल मला त्यातच दिसतं.

निदानानंतर काय होत असे ते आधी पाहायला हवं. १८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली होती आणि रुग्णांना काही धंदे करण्यापासून रोखण्याचीही. तो रद्द व्हायला २०१६ उजाडलं. हिंदू विवाह कायद्यात १९५५पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं; ते २०१९ साली काढलं गेलं. म्हणजे ‘हा चट्टा बधिर आहे’ एवढं एक वाक्य कानावर पडल्याने माणसाचं घर, संसार, धंदा सारंच पणाला लागत असे. चट्टे लपवणाऱ्यांना आपण सहज अडाणी म्हणतो. मला ते पटत नाही. ज्या तपासणीने पदरात औषध पडत नाही आणि हातचं घर मात्र जातं, ती टाळणं हा सरळ हिशेब होता. दुर्दैव असं, की नस तेवढा वेळ थांबत नाही. बोटं वाकडी होतात, चुलीवरचं भांडं हात पोळतं तरी कळत नाही, तळपायाची जखम चिघळत राहते. शेवटी रोग स्वतःच सगळ्यांना दिसेल असा उघडा होतो.

या हिशेबाची एक बाजू आधी वर्ध्याजवळच्या दत्तपूरने बदलली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तिथे महारोगी सेवा समितीचं काम उभं केलं. पुढे सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना जवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. या स्पर्शाचं नैतिक बळ मोठं होतं. पण केवळ करुणेने निदानाची किंमत उतरली नाही, कारण वसाहत कितीही प्रेमळ असली तरी तिथे जाणाऱ्याचं गाव सुटतंच. ती उतरवली एका गोळीने. डॅप्सोन तोंडाने घेता येऊ लागलं आणि घरी राहून उपचार शक्य झाले. १९५१ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वर्देकरांच्या नेतृत्वाखाली याच शक्यतेवर सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिहेरी पद्धत बांधली. कार्यकर्त्याने गावोगाव, घरोघर जायचं, सगळ्यांचं अंग पाहायचं, रोग समजावून सांगायचा आणि गोळ्या जवळच द्यायच्या. औषधाविना केलेलं सर्वेक्षण क्रूर ठरलं असतं; सर्वेक्षणाविना औषध कपाटात पडून राहिलं असतं. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच वाट धरली आणि बहुविध औषधोपचार ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी पोचले त्यांत पुन्हा वर्धा होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कुष्ठरोगाचा कार्यकर्ता दारात उभा राहिला, की शेजारपाजारी कुजबुज होणारच. मग लाजेची किंमत उलट वाढली नाही का? एकाच दारात तो थांबला असता तर नक्कीच वाढली असती. पण ज्या गावात पाटलापासून सालदारापर्यंत प्रत्येकाची पाठ पाहिली जाते, तिथे तपासणी हीच खूण राहत नाही. सर्वेक्षणातलं ‘सगळे’ हे जसं आकडेवारीसाठी होतं, तसंच ते रुग्णाला आडोसा देणारंही होतं. याचा उलट पुरावाही आहे. २००५च्या अखेरीस दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने गाठलं, तेव्हा घरोघरचा शोध सैलावला आणि रुग्णाने आपण होऊन यावं अशी अपेक्षा रूढ झाली. २०१६ साली सरकारला पुन्हा घरोघर शोधमोहीम काढावी लागली, कारण न सापडलेले रुग्ण घराघरांत होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. बोटांची तपासणी दारात नेता येते. पण मधुमेहाने पायाला मुंग्या येणाऱ्याची किंवा मनगटात नस दबलेल्याची ‘करंटची तपासणी’ कशी नेणार? नसेला विजेचे सौम्य झटके देऊन संदेश किती वेगाने धावतो ते मोजायचं असतं. हाताच्या निरोगी नसेत हा वेग सेकंदाला पन्नास मीटरच्या वर असतो. त्यासाठी यंत्र हवं, शिकलेला हात हवा, आणि या दोन्हींचा खर्च कुणीतरी भरायलाच हवा. हे मान्यच. प्रश्न आहे तो कुणी, कधी आणि कशाच्या मापाने भरायचा. त्याचं एक उत्तर सेवाग्रामनेच दिलेलं आहे. कस्तुरबा रुग्णालयाभोवतालच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकाच्या अखेरीस ज्वारीचा आरोग्य विमा सुरू झाला. वर्गणी सुगीत, ऐपतीप्रमाणे: भूमिहीनाची कमी, शेतवाल्याची जास्त. आजारी पडल्यावर हातात पैसा नसतो, पण खळ्यावर रास पडलेली असते, ही शेतकरी घराची रीत त्या योजनेला नेमकी कळली होती.

आज त्या शिवारात ज्वारी फारशी उरली नाही. कापूस आणि सोयाबीन आहे. पण वर्गणी सुगीला बांधायची म्हटलं तर ती सोयाबीन विकल्यावरही बांधता येईल. शासनाच्या जनआरोग्य योजनेने मोठ्या उपचारांचा भार पुष्कळ हलका केला आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. मात्र तिची बांधणी मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाभोवती आहे, आणि नसांची तपासणी बहुधा दाखल होण्याच्या कितीतरी आधी, बाह्यरुग्ण विभागात लिहून दिली जाते. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातली शेतमजूर बाई त्यासाठी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या इस्पितळात येते तेव्हा तिच्या खर्चात एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी असते. तारीख कापूस वेचणीच्या दिवसांतली मिळाली तर ती येतच नाही. तिचा बधिर पाय गावातच कापसाच्या बोळ्याने तपासला गेला, तर यंत्राची खरी गरज कुणाला हे तिथेच ठरेल, आणि तपासणीची तारीख वेचणी आटोपल्यावरची मागता येईल.