‘भविष्याचा इतिहास’ सांगणाऱ्या विज्ञानकथा

एखाद्या लेखकाने आपल्या अनेक विज्ञानकथा एकाच काल्पनिक कालपटावर बेतल्या, तर त्या कथामालेला ‘भविष्याचा इतिहास’ असे म्हणतात. यातील प्रत्येक कथा स्वतंत्रपणे वाचता येते. मात्र, एका कथेत लागलेला शोध किंवा झालेले बंड पुढच्या कथेत सरलेला काळ म्हणून येते.

ब्रिटिश लेखक ओलाफ स्टेपलडन यांनी ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ (१९३०) या पुस्तकात मानवजातीची सुमारे दोन अब्ज वर्षांची वाटचाल रेखाटली. कल्पनेची झेप अफाट असली तरी त्यात माणसांच्या रोजच्या जगण्याला फारसे स्थान नाही. ही उणीव भरून काढली ती अमेरिकी लेखक रॉबर्ट हाइनलाइन (१९०७-१९८८) यांनी. कथांचा परस्परांशी मेळ राहावा, यासाठी त्यांनी कथा, पात्रे, तांत्रिक शोध आणि सामाजिक स्थित्यंतरे यांचा एक तक्ता तयार केला होता. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी मे १९४१ मध्ये तो ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकात प्रसिद्ध केला. तोवर लिहिल्याही न गेलेल्या काही कथांची नावे त्यात होती.

या मालेतील ‘द रोड्स मस्ट रोल’ (१९४०) ही कथा या प्रकाराचा उत्तम नमुना ठरावी. मोटारींना पर्याय म्हणून सरकते रस्ते आले आहेत, ही त्यातील मूळ कल्पना. काठावरचा पट्टा ताशी पाच मैल, तर सर्वांत वेगवान पट्टा ताशी शंभर मैल वेगाने धावतो. त्या वेगवान पट्ट्यावर चक्क एक उपाहारगृह आहे. मुख्य अभियंता ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पाहुण्याला तेथे जेवायला नेतो आणि वाचकाला हे अद्भुत जग ओळखीचे वाटू लागते. इतक्यात पट्टा थांबतो. शेजारचा पट्टा मात्र धावतच असतो आणि प्रवाशांचे बळी जातात. ज्यांच्यावाचून समाजाचा गाडा चालत नाही, त्यांच्याच हाती सत्ता हवी, असे म्हणणाऱ्या तंत्रज्ञांनी बंड पुकारलेले असते. जेवणाचा तो साधा प्रसंग आधी आल्यामुळेच या संघर्षाची झळ वाचकाला जाणवते.

कथेचा कौल अभियंत्याच्या बाजूने आहे. बंडखोर नेत्याला न्यूनगंडाने पछाडलेला दाखवल्याने तंत्रज्ञांची बाजू तोकडी पडते, हा तिचा दोष मानावा लागेल.

हाइनलाइन यांचे अंदाज अनेकदा चुकले. त्यांच्या कालपटात माणूस एका उद्योगपतीच्या खटपटीतून १९७८ मध्ये चंद्रावर जातो. प्रत्यक्षात तो १९६९ मध्ये अमेरिकी सरकारच्या मोहिमेतून पोहोचला. सरकते महामार्गही कधी आले नाहीत. मात्र, लाखो लोकांचे जगणे ज्या यंत्रणेवर अवलंबून असते तिची कळ कोणाच्या हाती असावी, हा या कथेने उपस्थित केलेला प्रश्न वीज, रेल्वे आणि इंटरनेट यांवर विसंबलेल्या समाजालाही टाळता येणारा नाही.