गोळी झेलणारा लंबक

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात कुठे ना कुठे सतत तोफा धडाडत होत्या, पण नळीतून सुटलेली गोळी नेमकी किती वेगाने जाते हे एकाही गोलंदाजाला सांगता येत नव्हतं. घड्याळं होती, पण ती सेकंद मोजत. गोळी तर सेकंदाच्या दहाव्या भागात दीडशे फूट पार करून जाई. मग तोफखान्याचं गणित पुस्तकातून यायचं. गॅलिलिओने १६३८ साली दाखवून दिलं होतं की हवेचा अडथळा नसेल तर फेकलेली वस्तू परवलयाच्या वाटेने जाते. बंदुकीच्या गोळीसारख्या भन्नाट वेगाला हे जसंच्या तसं लावू नये, असा इशाराही त्याने देऊन ठेवला होता. पुढच्या लेखकांनी परवलय तेवढं उचललं आणि इशारा सोडून दिला. शिसं इतकं जड, हवा इतकी विरळ; ती काय अडवणार?

गोळीचा वेग अखेर मोजला गेला तो घड्याळाने नव्हे, तर टांगलेल्या एका जड लाकडी फळीने. तिला आज बॅलिस्टिक पेंड्युलम म्हणतात. तिचं कूळ दोन घराण्यांतून येतं. एक टकरींचं, दुसरं लंबकाचं.

टकरींच्या घराण्याची सुरुवात एका मोठ्या माणसाच्या मोठ्या चुकीने झाली. रने देकार्तने १६४४ साली टकरीचे सात नियम मांडले. वस्तूचा आकार आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे तिच्यातली ‘गती’, आणि जगातली एकूण गती कायम राहते, हा त्याचा विचार पुढे फार फळाला आला. पण त्याने दिशा हिशेबात धरली नाही, त्यामुळे नियम जवळपास सगळेच फसले. त्यातला चौथा नियम आपल्या गोष्टीच्या दृष्टीने गमतीचा आहे: लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर आदळली, तर मोठी जागची हलणारच नाही, लहान तेवढ्याच वेगाने मागे फिरेल. देकार्त बरोबर असता तर गोळीने टांगलेली फळी केसभरही हलली नसती आणि हे यंत्र जन्मालाच आलं नसतं.

१६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हा गुंता सोडवायचं ठरवून जाणकारांकडे टकरीचे नियम मागितले. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि क्रिस्तियान हायगेन्स यांची उत्तरं थोड्याच महिन्यांत आली. रेन आणि हायगेन्स यांनी टक्कर होताच उसळून दूर जाणाऱ्या वस्तू घेतल्या. वॉलिसने न उसळता एकत्र पुढे सरकणाऱ्या. तिघांच्याही मांडणीत दिशेला अधिक-उणे चिन्ह होतं, आणि ते घेताच हिशेब जुळला. वस्तुमान गुणिले वेग, दिशेसकट, टकरीआधी जेवढं तेवढंच टकरीनंतर. आपण शाळेत ज्याला संवेग म्हणतो तो हाच. वॉलिसची चिकटून जाणारी टक्कर लक्षात ठेवायला हवी, कारण गोळी लाकडात घुसून बसते तेव्हा नेमकं तेच घडतं.

फ्रान्समध्ये एद्म मारियॉतने १६७३च्या ग्रंथात दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून हे नियम दाखवले. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचे तीन नियम सांगितल्यावर लगेच या सगळ्यांची नावं घेतली आणि स्वतःचे प्रयोग जोडले. दहा फुटी लंबक, त्यांना टांगलेले वेगवेगळ्या पदार्थांचे गोळे, आणि झोक्यात हवेने खाल्लेल्या गतीची काळजीपूर्वक वजावट. पोलादाचा गोळा चांगला उसळे, घट्ट बांधलेल्या लोकरीचा कमी; काच आणि बूच यांची तऱ्हा आणखी वेगळी. पण उसळी कितीही असो, एकूण संवेग तोच भरे. एकाने दुसऱ्याला जेवढं ढकललं तेवढंच दुसऱ्याने पहिल्याला उलट ढकललं, हा तिसरा नियम न्यूटनने असा लंबकावर तपासून घेतला होता.

दुसरं घराणं हायगेन्सचंच. १६५६ साली त्याने लंबकाचं घड्याळ बनवलं आणि १६७३ साली त्यावरचा मोठा ग्रंथ छापला. लंबक तळाशी किती वेगात होता हे तो किती उंच चढला यावरून कळतं, ही गोष्ट गॅलिलिओपासून ठाऊक होती. हायगेन्सने तिच्यापुढची अडचण सोडवली. खरा लंबक म्हणजे दोऱ्याला बांधलेला बिंदू नसतो. त्याला जाडी असते, लांबी असते, वजन जागोजागी विखुरलेलं असतं. असा ओबडधोबड लंबक किती लांबीच्या साध्या लंबकाच्या तालावर झुलेल, हे काढायची रीत त्याने दिली.

ही दोन घराणी जोडणारा माणूस म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. जन्म १७०७, इंग्लंडमधल्या बाथ गावचा, क्वेकर कुटुंबातला. क्वेकर म्हणजे शस्त्राला हात न लावणारा पंथ. त्या घरातला मुलगा पुढे तोफांच्या शास्त्राचा पाया घालणार होता. लंडनमध्ये त्याला हेन्री पेंबर्टनने हाताशी धरलं, ज्याने ‘प्रिन्सिपिया’ची तिसरी आवृत्ती संपादित केली होती. विशीतच रॉबिन्स रॉयल सोसायटीचा सभासद झाला आणि १७२८ साली थेट नामवंत गणिती योहान बर्नुलीशी भिडला. वाद असा होता: चालत्या वस्तूचं ‘बल’ मोजायचं कशाने? वस्तुमान गुणिले वेग, की लायब्निझ म्हणतो तसं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग? बर्नुली लायब्निझच्या बाजूचा, रॉबिन्स न्यूटनच्या. आज आपण म्हणतो की दोन्ही राशी खऱ्या. एक संवेग, दुसरीतून गतिज ऊर्जा निघते, आणि दोघींची कामं निरनिराळी. तेव्हा मात्र या वादात युरोपभर शाई सांडत होती.

१७४१ साली वूलिच इथे लष्करी अकादमी निघाली. तिथल्या प्राध्यापकपदावर रॉबिन्सची नजर होती, पण पद दुसऱ्याला गेलं. अकादमीसाठी म्हणून केलेली तयारी त्याने १७४२ साली पुस्तकरूपाने छापली. ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे त्याचं नाव, आणि त्यात या लंबकाचं चित्रासकट वर्णन आलं.

यंत्र दिसायला अगदी साधं. तीन दांड्यांची तिकाटी, तिच्या माथ्याजवळ आडवा आस, आसावर झुलणारा लोखंडी लंबक आणि त्याच्या तोंडावर ठोकलेली जाड लाकडी फळी. लंबकाच्या तळाला एक अरुंद फीत बांधलेली. ती तिकाटीच्या आडव्या पट्टीवरच्या खाचेतून सैलसर निघते. गोळी फळीत घुसली की लंबक मागे झुलतो आणि जाताना फीत ओढून नेतो. तो परत आला तरी ओढली गेलेली फीत तशीच राहते. तिच्यावर मोजपट्टी लावायची. झोका केवढा होता ते कळलं. रॉबिन्सच्या लंबकाचं वजन ५६ पौंड ३ औंस. गोळी पाऊण इंच व्यासाची, पौंडाला बारा भरणारी. लंबक झुलवून त्याने आधीच ताल मोजून ठेवला होता: २५३ सेकंदांत २०० झोके. त्यावरून हायगेन्सच्या रीतीने त्याची खरी ‘लांबी’ निघाली, ६२ इंचांच्या वर. एका बारात फीत सव्वासतरा इंच ओढली गेली. आकडेमोड करून रॉबिन्सने उत्तर लिहिलं, सेकंदाला १,६४१ फूट. म्हणजे सुमारे ५०० मीटर. आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट.

यातली हुशारी कळायला जरा थांबायला हवं. लंबक गोळीच्या सुमारे ६७५ पट जड. गोळी त्यात रुतली की तिचा संवेग एवढ्या थोरल्या वजनात वाटला जातो आणि वेग ढोबळमानाने ६७५ पटींनी उतरतो. १,६४१ फुटांचे उरतात जेमतेम अडीच फूट. गोळी डोळ्याला दिसत नाही. सेकंदाला अडीच फुटांच्या वेगाने सुरू झालेला झोका फितीने मोजता येतो. आता हाच हिशेब कुणी ऊर्जेने करू पाहील: गोळीची गतिज ऊर्जा बरोबर लंबकाने चढलेल्या उंचीची ऊर्जा. तसं केलं तर गोळीचा वेग निघेल सेकंदाला ६३ फुटांच्या आसपास. क्रिकेटमधला मध्यमगती गोलंदाजही याहून वेगाने चेंडू टाकतो! चूक का होते? गोळीच्या ऊर्जेतला ९९.८ टक्क्यांहून जास्त भाग लाकूड फाडण्यात, शिसं चेपण्यात आणि उष्णतेत जातो. आत नेमकं काय घडलं याचा थांग लावणं तेव्हा अशक्यच होतं. संवेगाला त्याची गरजच पडत नाही. लाकूड मऊ असो की टणक, गोळी चार बोटं आत जावो की दोन, गोळीने जेवढा गमावला तेवढाच फळीने कमावला. टक्कर संपल्यावर, लंबक वर चढताना मात्र ऊर्जेचा हिशेब लागू पडतो. बर्नुली आणि रॉबिन्स ज्यावरून भांडले त्या दोन्ही राशी या यंत्रात एकापाठोपाठ एक कामाला येतात.

न्यूटनने लंबक वापरून नियम तपासला होता. रॉबिन्सने नियम खरा धरला आणि त्याच्या आधारे अज्ञात राशी मोजली. त्याच्या हातात संवेगाचा नियम हेच मापाचं साधन झालं.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची. वेग मोजता येतो म्हटल्यावर रॉबिन्सने लंबक मागे सरकवला. बंदूक तीच, दारू तेवढीच, गोळी तशीच. लंबक नळीपासून २५ फुटांवर, मग ७५, मग १२५. वेग आले सेकंदाला साधारण १,६७०, १,५५० आणि १,४२५ फूट. शंभर फुटांच्या हवेने गोळीचा जवळजवळ सातवा हिस्सा वेग खाल्ला होता. न्यूटनचा दुसरा नियम लावा, म्हणजे या घसरणीमागचं बल निघतं: गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १२० पट. ज्या हवेला तोफखान्याची पुस्तकं मोजतच नव्हती, तिचं हे बळ. गुरुत्वाकर्षणापेक्षा शंभरपटींहून जास्त जोराने ती गोळीला मागे रेटत होती. हवा नसती तर ४५ अंशांत डागलेली ही गोळी २५ किलोमीटर गेली असती. प्रत्यक्षात ती मैलभरसुद्धा जात नसे. आवाजाच्या वेगाच्या आसपास पोचताच हवेचा अडथळा एकदम वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आलं. स्वनातीत उड्डाणाला तेव्हा दोनशे वर्षं अवकाश होता.

पुस्तक वेगाने पसरलं. १७४५ साली लेओनार्ड ऑयलरने ते जर्मनमध्ये आणलं आणि त्यावर मूळ मजकुराहून कितीतरी लांब भाष्य लिहिलं. १७४६ साली रॉयल सोसायटीने रॉबिन्सला कोपली पदक दिलं. फ्रान्समध्ये तोफखान्यात शिकत असलेल्या तरुण नेपोलियनने रॉबिन्स वाचून टिपणं काढली. ज्या वूलिचने रॉबिन्सला नाकारलं होतं, तिथेच १७७५ साली चार्ल्स हटनने मोठे लंबक उभारून तोफगोळे झेलले आणि १७७८ साली कोपली पदक मिळवलं. लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस. याच सुमारास रमफर्ड नावाच्या संशोधकाने बंदूकच टांगली आणि तिच्या मागे बसणाऱ्या झटक्यावरून वेग काढला. तिसऱ्या नियमाची दुसरी बाजू, गोळी झेलण्याऐवजी बंदूक झुलवून.

रॉबिन्स मात्र हटन आणि रमफर्डचे हे प्रयोग बघायला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला प्रमुख अभियंता नेमून आपल्या किल्ल्यांच्या डागडुजीसाठी हिंदुस्थानात पाठवलं. १७५०च्या पावसाळ्यात तो पोचला. कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडचे आणि मद्रासचे आराखडे आखता आखता तापाने खंगला आणि २९ जुलै १७५१ रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी, फोर्ट सेंट डेव्हिडलाच वारला.

लंबक त्याच्यामागे शंभर वर्षं टिकला. मग तोफा एवढ्या थोरल्या झाल्या की त्यांचे गोळे झेलणारे लंबक बांधणं परवडेना. १८६०च्या दशकापर्यंत विजेवर चालणारी कालमापकं आली, बेल्जियमच्या ले बुलांजेचं त्यांत प्रसिद्ध. गोळी दोन तारा तोडत जाते, मधला काळ यंत्र टिपतं, भागाकार केला की वेग. सेकंदाचा सूक्ष्म भाग मोजता आला तसा संवेगाचा फेरा घ्यायची गरज संपली. लष्कराने लंबक टाकून दिला तो महाविद्यालयांनी उचलला.

आता तो टेबलावर मावतो. स्प्रिंगची छोटी बंदूक, पोलादी गोळी, ती पकडणारी वाटी. झोका जिथवर चढेल तिथे दातेरी पट्टीत खटका अडकतो. विद्यार्थी उंची मोजतो, वेग काढतो. मग लंबक बाजूला करून गोळी टेबलावरून आडवी उडवतो, ती जमिनीवर कुठे पडली ते कार्बन कागदावर बघतो आणि दुसऱ्या वाटेने तोच वेग काढून ताडून पाहतो. प्रवेश परीक्षांच्या पुस्तकांत तर टांगलेल्या ठोकळ्यात घुसणारी गोळी ठरलेलीच, आणि टकरीतही ऊर्जा कायम धरून फसणारे विद्यार्थीही.

त्या गणितांत ‘हवेचा अवरोध नगण्य माना’ असंही बहुधा छापलेलं असतं. स्प्रिंगच्या गोळीपुरतं ते चालतं. सेकंदाला पाच-सहा मीटरला हवा फारसं काही करत नाही. पण ही सूट कुठवर घ्यायची याची मर्यादा कुणीतरी मोजून द्यावी लागते, आणि शिशाच्या गोळीसाठी ती पहिल्यांदा मोजून दिली याच लंबकाने. वर्गात हे यंत्र संवेगाचा नियम सिद्ध करणारं म्हणून दाखवलं जातं. त्याच्या कर्त्याने मात्र तो नियम सिद्ध असल्याचं धरून हवेला पकडलं होतं. शिकवताना हा क्रम सांगितला, तर नियम कशासाठी असतात तेही मुलांना कळेल.