आमच्या जंगलाचा फोटो कुणाचा? ब्राझीलची गोष्ट

आजचा भाग उपग्रहांबद्दल आहे, पण रॉकेट-बिकेट त्यात फारसं येणार नाही. आज बोलायचंय ते फोटोंच्या मालकीबद्दल. तुमच्या शेताचा, नदीचा, जंगलाचा फोटो दुसऱ्या देशाच्या उपग्रहाने काढला तर तो कुणाचा? तुम्हाला तो बघायचा असेल तर कुणाला विचारायचं आणि किती पैसे मोजायचे? या प्रश्नावर जगात बरीच वर्षं वाद चालला. त्यातला ब्राझीलचा प्रवास मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण या देशाने बघता बघता बाजूच बदलली.

२३ जुलै १९७२ ला अमेरिकेने जमिनीचं निरीक्षण करणारा एक उपग्रह सोडला. त्यालाच पुढे लँडसॅट-१ हे नाव मिळालं. त्याच्या एका चित्रात १८५ किलोमीटर लांब-रुंद मुलूख मावायचा. गंमत अशी की चित्रं साठवून ठेवायची सोय उपग्रहात होती, पण ती तुटपुंजी आणि बेभरवशाची. त्यामुळे उपग्रह डोक्यावरून जात असताना खाली अँटेना लावून जो बसलेला असेल, त्यालाच चित्रं थेट मिळायची. अमेरिकेबाहेर हे आधी कॅनडाने केलं आणि लगेच १९७३ मध्ये ब्राझीलने. त्यांचं केंद्र कुयाबा या शहरात, म्हणजे दक्षिण अमेरिका खंडाच्या जवळजवळ मध्यावर. (आपल्या हैदराबादजवळच्या केंद्राने लँडसॅटची चित्रं घ्यायला सुरुवात केली ती त्या दशकाच्या अखेरीस.) ही केंद्रं फुकट नव्हती बरं का. चित्रं उतरवून घेण्यासाठी अमेरिकेला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी लागायची.

आता बघा, एकीकडे ब्राझील अँटेना लावून बसलेला, आणि दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांत हाच ब्राझील, अर्जेंटिना आणि इतर लॅटिन अमेरिकन देश म्हणत होते की आमच्या भूमीची चित्रं आमच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला देऊ नका. यात मला तरी ढोंग दिसत नाही. तो काळ आठवा. नैसर्गिक संपत्तीवर ज्याचा-त्याचा हक्क, ही नव्याने स्वतंत्र झालेल्या आणि गरीब देशांची मोठी मागणी होती. आमच्या डोंगराखाली काय दडलंय हे आमच्या आधी परदेशी कंपनीला कळलं, तर करार करताना आमची काय पत राहणार, अशी साधी, व्यवहारी भीती होती.

हा वाद दशकभराहून जास्त चालला आणि ३ डिसेंबर १९८६ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दूरसंवेदनाची तत्त्वं मंजूर केली. आधी परवानगी घ्यायची अट त्यात नव्हती. म्हणजे लॅटिन अमेरिकेची मुख्य मागणी हरली. मिळालं ते बाराव्या तत्त्वात: ज्या देशाचं चित्र काढलं जाईल त्याला ते भेदभाव न करता आणि वाजवी दरात मिळावं.

पण वाजवी म्हणजे किती? झालं काय की याच सुमारास, १९८४ च्या कायद्याने, अमेरिकेने लँडसॅटचा कारभार खासगी हातात द्यायचं ठरवलं. ईओसॅट नावाची कंपनी आली आणि एका चित्राचा भाव चार हजार डॉलरच्या वर गेला. भेदभाव कुठेच नव्हता, सगळ्यांना तेवढाच भाव! ब्राझीलच्या वाट्याचं ॲमेझॉन जंगल झाकायला अशी सव्वादोनशेच्या आसपास चित्रं लागतात. वर ढग आले की तीच पुन्हा घ्यायची. स्वतःचं केंद्र होतं म्हणून ब्राझीलचं निभावलं. ज्या देशाकडे केंद्रही नव्हतं आणि पैसाही नव्हता, त्याने कागदावरच्या हक्काचं काय करायचं?

१९८८ हे वर्ष ब्राझीलसाठी दोन कारणांनी महत्त्वाचं. ॲमेझॉनमधल्या आगींवरून जगभर ओरड सुरू होती आणि डिसेंबरमध्ये रबर गोळा करणाऱ्यांचा नेता शिको मेंदेस याचा खून झाला. इन्पे या ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेने लँडसॅटच्या चित्रांवरून दरवर्षी किती जंगल तुटलं हे मोजायला घेतलं ते याच वर्षापासून. त्याच वर्षी ब्राझीलने चीनबरोबर उपग्रह बनवायचा करार केला. खर्चाचा ७० टक्के वाटा चीनचा, ३० टक्के ब्राझीलचा. पहिला उपग्रह १९९९ मध्ये गेला, दुसरा २००३ मध्ये.

आणि आता ब्राझील स्वतः चित्रं काढणारा झाल्यावर त्याने काय करावं? २००४ मध्ये इन्पेने ही चित्रं इंटरनेटवर फुकट वाटायला सुरुवात केली. पुढे २००७ मध्ये केपटाउनच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत चीन आणि ब्राझीलने आफ्रिकेतल्या देशांनाही ती फुकट द्यायचं जाहीर केलं. परवानगी मागा म्हणणारा देश तो हाच!

अमेरिकेने लँडसॅटचा सगळा साठा २००८ मध्ये खुला केला. पैसे घेऊन विकत असताना सगळ्यात चांगल्या वर्षात २५ हजारांच्या आसपास चित्रं खपली होती. फुकट झाल्यावर वर्षाला दहा लाखांवर उतरवली जाऊ लागली. त्यातून एक वेगळीच अडचण समोर आली. सुरुवातीला सांगितलेली ती अँटेना लावून बसलेली केंद्रं आठवतात ना? त्यांच्या कपाटांत अशी लाखो चित्रं पडून होती, जी अमेरिकेकडेही नव्हती. २०१० पासून ती देशोदेशींच्या जुन्या फितींवरून परत गोळा केली गेली, आणि त्यातून तीस लाखांहून अधिक चित्रं मूळ साठ्यात आली. माझ्या मते आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे हेच कंटाळवाणं काम. जुन्या यंत्रावर फीत चढवायची, वाचायची, पाठवून द्यायची. आपल्याकडे पाच मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं सगळ्यांना खुली करायचं धोरण २०२३ मध्ये आलं. जरा उशिराच, पण आलं.

या सगळ्याचा कस लागला २०१९ मध्ये. ॲमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं होतं, ते २०१२ पर्यंत ४,६०० च्या आत आलं होतं. मग आकडा पुन्हा चढू लागला. नवे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो म्हणाले, इन्पेचे आकडे खोटे आहेत. संस्थेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गॅल्व्हाओ यांनी जाहीरपणे उलट उत्तर दिलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांची खुर्ची गेली.

माणूस काढता आला, चित्रं काढता आली नाहीत. तोवर लँडसॅट फुकट, युरोपचे सेंटिनेल उपग्रह फुकट, ब्राझील-चीनचीही चित्रं फुकट. ज्याला शंका असेल त्याने साओ पाउलोत, लंडनमध्ये किंवा नागपुरात बसून जंगल स्वतः मोजावं. नोव्हेंबरमध्ये त्याच संस्थेने, नव्या संचालकाच्या हाताखाली, वार्षिक आकडा जाहीर केला. पहिला अंदाज ९,७६२ चौरस किलोमीटरचा होता. पक्की मोजणी झाली तेव्हा तो १०,१२९ निघाला.

पुढच्या भागात पूर-भूकंपाच्या वेळी देश एकमेकांना उपग्रहचित्रं कशी देतात, त्या कराराची गोष्ट. भेटू.